एक लाईन मोकळी

माझ्या घरच्या वाय-फायला पासवर्ड का नाही, असं तुम्ही विचारलंत. विचारणं बरोबरच आहे. घरोघरची जाळी सुरक्षित कशी करायची हे शिकायला मी सहा वर्षं दूर राहिले, परत आल्यावर लोकांना तेच फुकट शिकवत फिरले, आणि माझ्याच दाराला कडी नाही. बसा. दिवा थोडा जवळ घ्या. सांगते.

सुरुवात अगदी साध्या कामाने झाली. मला आत्याच्या घरचा राउटर नीट लावून द्यायचा होता.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. सगळी नोकरी तिने टेलिफोन एक्सचेंजमध्ये केली, बोर्डासमोर बसून, कानाला हेडफोन लावून. दीड महिन्यापूर्वी ती न्हाणीघरात घसरून पडली होती, खुब्याच्या हाडाला चीर गेली होती. त्यातून उठली, काठी घेऊन चालायला लागली, पण तिच्या मुलाचा, म्हणजे माझ्या दादाचा धीर सुटला होता. तो राहतो विमानाने नऊ तासांवर. त्याने मला फोनवर स्पष्ट सांगितलं, "हॉलमध्ये कॅमेरा लाव, तिच्या मनगटावर तो बटणाचा पट्टा बांध, आणि संध्याकाळी सहाला मला सगळं चालू करून दाखव. चाललं तर ती घरी राहील. नाही चाललं तर मी त्या संस्थेत खोली धरून ठेवली आहे."

संस्था म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात तसली. आत्याला हे ठाऊक होतं. दार उघडल्या उघडल्या ती म्हणाली, "या, इन्स्पेक्टरीणबाई. आज माझं घर पास होणार की नापास?"

"घर नाही गं, राउटर."

"एकूण एकच. चपला काढ आधी. तुमच्या विद्यापीठात काढत नाहीत वाटतं?"

राउटर टीव्हीच्या मागे धूळ खात पडला होता. घरातला जुना फोन, तोही त्यालाच जोडलेला, शेजारी तिपाईवर, क्रोशाच्या रुमालावर. मी लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटांत सगळं समोर आलं. कारखान्यातून आला तेव्हाचा मुख्य पासवर्ड तसाच होता, राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेला. पाच वर्षांत एकदाही अद्ययावत केलेला नव्हता. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे घरात दोन जाळी होती. एक पासवर्ड घातलेलं, आत्याच्या मोबाइलसाठी. दुसरं सताड उघडं. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीही यावं आणि बसावं. त्या उघड्या जाळ्याचं नाव होतं 'बोला'.

"हे काय आहे आत्या?"

"लावणाऱ्या मुलाने विचारलं, नाव काय देऊ. मी म्हटलं, बोला दे. आम्ही एक्सचेंजमध्ये तेच म्हणायचो. बोर्डावर दिवा लागला की त्या लाईनीत वायरची पिन खोचायची आणि म्हणायचं, बोला, मी ऐकतेय."

"अगं पण पासवर्ड?"

"त्याला नको."

मग मी सुरू झाले. खरं सांगते, तेव्हा मला हे सगळं फार पोटतिडकीने वाटायचं. मी तिला अर्धा तास समजावलं. उघड्या जाळ्यातून कुणी काय काय करू शकतं, तिच्या नावावर, तिच्या कॅमेऱ्यातून तिलाच बघू शकतं. सुरक्षितता हा चोचला नाही, प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा हक्क आहे, वगैरे. ती पालेभाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "झालं? छान बोलतेस. आता ते सोडून बाकी सगळं कर. ते उघडं राहू दे. एक लाईन मोकळी ठेवायची असते."

मी बाकीचं करायला घेतलं. मुख्य पासवर्ड बदलला, राउटर अद्ययावत केला, बटण दाबून कुणालाही आत घेणारी सोय बंद केली. कॅमेरा हॉलच्या कोपऱ्यात लावला. पट्टा आत्याच्या मनगटावर बांधला. ती म्हणाली, "बरा आहे. कैद्याला घालतात तसा." माझ्या फोनवर राउटरचं अॅप चढवलं. नवं काही घरात शिरू पाहायला लागलं की ते मला विचारणार होतं: परवानगी की नकार.

मग यादी. हे आमच्या कामातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात महत्त्वाचं पाऊल. राउटरला जे जे जोडलेलं असतं त्याची यादी काढायची, आणि कागद-पेन्सिल घेऊन घरभर फिरून एकेका वस्तूवर खूण करायची. हा टीव्ही, टिक. हा आत्याचा मोबाइल, टिक. कॅमेरा, पट्टा, माझा लॅपटॉप, माझा फोन. तिपाईवरचा जुना फोन नुसत्या वायरवरचा, तो यादीत येत नाही. सहा झाले. यादीत सात होते.

सातव्याला नाव नव्हतं. नुसता नंबर, जो प्रत्येक उपकरणाला जन्मतःच मिळतो. त्या नंबरावरून उपकरण कुणी बनवलं ते कळतं, यावरून काहीच कळेना. ते 'बोला'वर होतं. माहिती जवळजवळ काहीच नेत-आणत नव्हतं. मागची नोंद पाहिली. रोज यायचं, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. पाच वर्षं, एकही दिवस न चुकता. आज मात्र सकाळीच आलं होतं. मी दारातून आत आले त्याच मिनिटाला.

"शेजारचं कुणी वापरतं का तुझं वाय-फाय?" मी विचारलं.

आत्या उठली. निवडलेली भाजी घेऊन स्वयंपाकघरात गेली.

जेवणं झाली. दुपार तापली. पंखा संथ फिरत होता, त्याची एक कडी दर फेऱ्याला किरकिरायची. खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचं यंत्र मधूनच कण्हल्यासारखं वाजायचं. तीन वाजून गेले तशी आत्या उठली, काठी टेकत फोनच्या तिपाईपाशी जाऊन बसली. रिसीव्हर उचलला नाही. नुसती बसली. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर, नोकरीवर बसावं तशी.

मग हळू आवाजात म्हणाली, "बोला. मी ऐकतेय."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. स्वतःचाच राग आला. म्हटलं, याचा आता छडाच लावायचा. लपलेलं उपकरण शोधायची एक पद्धत असते, पोरांच्या खेळासारखी. लॅपटॉप त्या उपकरणाचा संदेश किती जोरात ऐकू येतोय ते आकड्यात सांगतो. आकडा उणे असतो. उणे नव्वद म्हणजे फार लांब, उणे तीस म्हणजे हाताच्या अंतरावर. शून्याकडे जितका सरकेल तितकं ते जवळ. लॅपटॉप हातात धरून फिरायचं आणि आकडा पाहायचा.

हॉलमध्ये उणे ऐंशी. खिडकीपाशी गेले, ब्याऐंशी. म्हणजे रस्त्यावरून नाही. बाहेरच्या दाराशी गेले, तेच. मधल्या बोळात वळले, उणे सत्तर. पुढे स्वयंपाकघर, त्याच्या समोर न्हाणीघर. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. त्याच्यापाशी पोचले तेव्हा आकडा अठ्ठेचाळीस झाला.

आत काही नव्हतं. बादली, तांब्या, दोरीवर टॉवेल. वास मात्र होता. दिवसेंदिवस ओलाच पडून राहिलेल्या कापडाचा. मी दार ओढून घेतलं, बोळाच्या मध्यावर परत आले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. म्हटलं, आता हलायचं नाही. एका जागी उभं राहून मोजू.

मी हलले नाही. आकडा हलला.

सत्तेचाळीस. चव्वेचाळीस. मी श्वास रोखला. एकोणचाळीस... लॅपटॉप स्थिर, मी स्थिर, समोर रिकामा बोळ आणि त्याच्या टोकाला लोटलेलं दार. चौतीस. पंख्याची कडी किरकिरली. एकोणतीस. ओल्या कापडाचा वास आता माझ्या नाकाशी होता. तेवीस. मला वाटलं, मशीन बिघडलं असेल, हो, बिघडलंच असेल. सतरा. बारा.

बारावर येऊन तो आकडा थांबला.

बारा हा आकडा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. दोन यंत्रं एकमेकांना चिकटवून ठेवली तर येईल एखादे वेळी.

हॉलमधून आत्याचा आवाज आला. शांत, जरा दमलेला. "घाबरू नकोस गं. ती काही करत नाही. ती फक्त थांबते."

मी तिच्यापाशी कशी पोचले ते आठवत नाही. तिने मला पाणी दिलं. आणि फोनकडे पाहत, माझ्याकडे न पाहता, सांगितलं.

"मी बावीस वर्षांची होते. नवी नवी लागले होते. तुझ्यासारखीच, सगळ्या जगाला शिस्त लावायला निघालेली. बोर्डावर एक दिवा लागला, मी पिन खोचली. बोला, मी ऐकतेय. पलीकडे कुणी बोलेना. नुसता श्वास. आमच्याकडे नियम होता, मुकी लाईन आली तर सोडायची नाही, वरिष्ठांना सांगायचं. पण त्याआधीच्या आठवड्यात टवाळांनी असाच छळ मांडला होता. मला वाटलं, तेच. मी पिन ओढली. परत दिवा लागला. परत ओढली. अकरा वेळा लागला... अकरा वेळा मी ओढली. बाजूच्या टेबलवालीला हसून सांगितलंसुद्धा, बघ, कशी खोड मोडते. बाराव्यांदा लागलाच नाही."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी कळलं. एकटी बाई होती, रात्रीत गेली. न्हाणीघरात पडली, वाचा गेली होती. सरपटत फोनपर्यंत आली असेल. तेव्हा नंबर फिरवावा लागत नसे, नुसता रिसीव्हर पाडला की आमच्याकडे दिवा लागायचा ना... तेवढंच जमत होतं तिला." तिने फोनखालचा रुमाल सरळ केला. "तीन वाजून दहा मिनिटांनी पहिला दिवा लागला होता. तेव्हापासून मी एक लाईन मोकळी ठेवते. पहिल्यांदा एक्सचेंजमध्ये. मग इथे."

"आत्या, हे सगळं तुझ्या मनात..."

"मी पडले तेव्हा खालच्या डॉक्टरांना फोन कुणी केला?"

ती गोष्ट मला माहीत होती, म्हणजे मला तसं वाटत होतं. डॉक्टरांच्या दवाखान्यात आत्याच्या नंबरावरून लागोपाठ फोन गेले, पलीकडे कुणी बोलेना. ते चिडून भांडायला म्हणून वर आले, दार वाजवलं, आणि मग त्यांच्याकडे ठेवलेल्या किल्लीने उघडलं. दादा सगळ्यांना सांगायचा, माझी आई त्या अवस्थेत फोनपर्यंत सरपटत गेली.

"मी न्हाणीघरातून हललेच नव्हते," आत्या म्हणाली. "विचार डॉक्टरांना, किती वेळा वाजला ते."

मी विचारलं नाही. मला उत्तर नको होतं.

"उघडं ठेवशील ना?" तिने विचारलं. "वचन दे."

"ठेवते," मी म्हटलं.

संध्याकाळी सहाला दादा स्क्रीनवर आला. आत्याने बटण दाबलं, दोन सेकंदांत माझा फोन वाजला, त्याचाही वाजला. कॅमेऱ्यात आत्या स्वच्छ दिसत होती. तिने त्याला हात करून दाखवला. दादाचे डोळे भरले. "तू करून दाखवलंस गं," तो म्हणाला. "संस्थेला मी उद्याच नाही म्हणून कळवतो." आत्याने माझ्या पाठीवर एक धपका घातला. "पास!"

सामान आवरताना ती स्वयंपाकघरात गेली, तेवढ्यात मी 'बोला' बंद केलं. त्या नाव नसलेल्या नंबरावर बंदी घातली. मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी तत्त्वाचं उत्तर दिलं असतं. खरं म्हणजे त्या बोळात परत उभं राहायची माझी छाती नव्हती. आणि मी तिला सांगितलं नाही.

पुढचे दहा दिवस रोज फोन. आत्या खुशालीत असायची, पण बोलता बोलता अडखळायची. "हल्ली दुपारी... येत नाही गं. तू काही केलंस का?"

"नाही गं. कंटाळली असेल."

"थट्टा करू नकोस."

"तू पट्टा घालतेस ना?"

"घालते हो, जेलरबाई. नुसतं अंघोळीला काढते. साबणाने बुळबुळीत होतो."

तो पाण्यात चालतो हे मी तिला सांगितलं होतं. परत सांगायला हवं होतं. तेवढ्यात कुणाचा तरी दुसरा फोन आला आणि ते राहून गेलं.

अकराव्या दिवशी वाचनालयात माझा वर्ग होता. 'आपलं घर, आपलं जाळं' असं मीच नाव दिलं होतं. वीस-पंचवीस माणसं आली होती, बहुतेक निवृत्त. वही-पेन घेऊन, चष्मे पुसत. मी माझ्या फोनचा पडदा समोरच्या भिंतीवर मोठा करून दाखवत होते. आत्याच्या घराचंच उदाहरण घेतलं होतं, नाव न सांगता. "बघा, कॅमेरा चालू, पट्टा चालू. सगळं हिरवं. एका वयस्क बाईचं घर इतकं सुरक्षित असू शकतं."

तेवढ्यात भिंतीवर चौकोन उमटला. 'अनोळखी उपकरण जोडू पाहत आहे. परवानगी? नकार?'

मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. "अगदी वेळेवर! पाहिलंत? आता काय करायचं?"

"नकार!" सगळे म्हणाले. मी दाबला.

दोन मिनिटांत परत आला. पुन्हा नकार. परत आला. मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "बाई, त्या घरी चोर फारच चिकाटीचे दिसतात हो." हशा पिकला. पुढच्या खुर्चीवरच्या बाईंनी हात वर केला. "अहो, पण आहे तरी कोण, बघा ना. काम असेल कुणाचं."

"अनोळखी आहे ना, मग नाही," मी म्हटलं. "नियमाला अपवाद केला की नियम संपला."

तुम्हाला वाटेल, मला वेळ कळली नसेल. भिंतीवर फोनच्या वरच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. पहिल्या वेळी तीन वाजून दहा. मी ते पाहिलं. पाहिलं, आणि नजर काढून घेतली.

पाचव्या-सहाव्यानंतर त्यांनी मोजायलाच सुरुवात केली, एका सुरात. सात. आठ. माझं बोट थंड पडलं होतं. पण पंचवीस माणसं माझ्याकडे पाहत होती, आणि मी जे शिकून आले होते ते सगळं त्या एका बोटात उतरलं होतं. नऊ. दहा. अकरा.

मग चौकोन आला नाही. आम्ही वाट पाहिली. आजोबा म्हणाले, "दमला बिचारा." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वर्ग सुटल्यावर मी आत्याला फोन लावला. उचलला नाही. कॅमेरा उघडला. रिकामी खुर्ची, संथ फिरणारा पंखा, तिपाईवर फोन. पट्टा चालू, हिरवा. म्हटलं, झोपली असेल जरा. तरी पाय आपोआप तिच्या घराकडे वळले. शेवटचे दोन जिने मी धावत चढले आणि माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं.

न्हाणीघराचं दार पुरतं उघडेना. आतून काहीतरी जड, मऊ अडत होतं. फटीतून मला तिचा हात दिसला. पट्टा वर आरशाखालच्या फळीवर होता, साबणदाणीच्या शेजारी, हिरवा दिवा मिचकावत.

ती जिवंत होती. डोळे उघडे होते. तोंडातून शब्द येत नव्हता. नुसता श्वास.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मेंदूत रक्ताची गाठ. तीनच्या सुमाराला झालं असावं. चारच्या आत आणलं असतं तर वाचा राहिली असती बहुतेक. पण तुम्हाला कसं कळणार होतं?"

माझ्या फोनमध्ये नोंद होती. पहिली विनंती तीन दहा. अकरावी तीन बावन्न.

दादा आला. मला दोष दिला नाही. "तुझ्याकडून होण्यासारखं होतं तेवढं केलंस," म्हणाला, आणि संस्थेला फोन करायला बाहेर गेला. आत्याचा डावा हात तेवढा हलत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मग अंगठा आणि दोन बोटं जुळवली आणि हवेत पुढे केली. पिन खोचतात तशी. परत. परत. नर्सला वाटलं, तिला काहीतरी खायचं आहे.

त्याच संध्याकाळी मी तिच्या रिकाम्या घरी जाऊन 'बोला' उघडलं. घर रिकामं केलं तेव्हा राउटर आणि तो जुना फोन मी इथे आणला. तो बघा, तुमच्या मागे. तेव्हापासून पाच महिने, रोज तीन वाजून दहा मिनिटांनी यादीत एक नाव नसलेला नंबर येतो. मी तिपाईपाशी बसते. पाठ ताठ करून. म्हणते, बोला, मी ऐकतेय. थोड्या वेळाने तो जातो. आमचं बरं चाललं होतं.

काल तसं झालं नाही.

काल तीन दहाला माझ्या मोबाइलवर चौकोन आला. परवानगी? नकार? मी ती विचारण्याची सोय केव्हाच बंद केली आहे. जाळं उघडं आहे, कुणी विचारायचं कारणच नाही. मी परवानगी दाबली. परत आला. परवानगी. परत... मी दाबत राहिले, तो येत राहिला. अकरा झाले आणि थांबला.

मी उठले. तिपाईवरचा फोन उचलला आणि संस्थेला लावला. आत्याच्या मजल्यावरची नर्स बोलली.

"अहो, बऱ्या आहेत त्या. झोपल्यात. पण बरं झालं तुम्ही केलात. दुपारपासून त्यांच्या खोलीत फोन तुम्हीच करत होतात का? बोलतच नाही कुणी. अकरा वेळा झाला असेल. शेवटी मी त्याची पिनच काढून ठेवली. उगाच त्यांची झोपमोड."

"लावा," मी म्हटलं. "ती पिन लावा. आत्ता. आणि त्यांच्याकडे बघा... कृपा करा."

"बरं, बरं. थांबा, जाऊन येते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तिच्या चपला लांब जात राहिल्या. लांबच लांब बोळ असावा. चटक, चटक, चटक. मी कान लावून उभी होते. पंचवीस-तीस पावलं झाली असतील. आणि मग रिसीव्हरमध्ये, अगदी कानाशी, कुणीतरी बोललं.

आवाज आत्याचा होता. पाच महिन्यांत मी न ऐकलेला. तरुण वाटत होता, नोकरीवर असल्यासारखा, जरासा कडक.

"बोला. मी ऐकतेय."

मला बोलायचं होतं. मला खूप बोलायचं होतं. मी बंद केलं होतं ते, मी खोटं बोलले होते ते. तोंड उघडलं आणि शब्दच येईना. माझाच श्वास मला त्या रिसीव्हरमधून परत ऐकू येत होता, आत, बाहेर, आत.

पलीकडे कुणीतरी थोडं थांबलं. मग हसल्यासारखं झालं, बाजूला कुणाला तरी काही सांगावं तसं. आणि खट् आवाज आला.

मी लगेच परत लावला. बराच वेळ वाजला. मग नर्सने उचलला, धापा टाकत.

"कट कसा झाला हो? मागे फिरावं लागलं मला. थांबा जरा, मी अजून त्यांच्या खोलीपर्यंत पोचलेच नाही."